सोळाव्या वर्षाची गाडी

नमस्कार श्रोतेहो. दहावीचा निकाल लागला आणि आमच्या अण्णांनी नातवाला, म्हणजे माझ्या भाच्याला, दिलेला शब्द आठवला: चांगले मार्क पाड, गाडी घेऊन देतो. मी म्हटलं, "अण्णा, तो सोळाचा आहे." ते म्हणाले, "मग? सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं!"

अण्णा खोटं बोलत नव्हते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या चौथ्या कलमात तशी सोय आहे. पालकांनी लेखी संमती दिली की शिकाऊ लायसन्सही मिळतं, पण ते बिनगिअरच्या, फार तर ५० सीसीच्या दुचाकीसाठी. अण्णांच्या डोळ्यांपुढे होती लुना. १९७२ साली आलेली, ५० सीसीची, पेडल मारून सुरू होणारी. आज शोरूममध्ये जाऊन ५० सीसीची गाडी मागा. विक्रेता आधी तुमच्याकडे बघेल, मग ११० नाहीतर १२५ सीसीची स्कूटर दाखवेल. तिच्यासाठी वय लागतं अठरा. म्हणजे कायद्यात सोय आहे, पण तिच्यात बसणारी गाडी दुकानात नाही.

"कॉलनीतल्या कॉलनीत चालवेल," हे पुढचं वाक्य तुमच्याही घरात ऐकू येत असेल. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९९ अ आलं. मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. मला माहीतच नव्हतं, हे आपणच सिद्ध करायचं. किल्ली खुंटीला टांगलेली असताना ते कसं जमणार?

अठरा पूर्ण झाली की मात्र कायदा एकदम सैल होतो. गिअरच्या मोटारसायकलचं शिकाऊ लायसन्स काढा आणि थेट ६५० सीसीवर बसा, इंजिनाला मर्यादा नाही. ब्रिटनमध्ये शिकाऊ माणसाला १२५ सीसी आणि ११ किलोवॅटच्या वर जाता येत नाही. मला विचाराल तर खरी मर्यादा इथेच हवी होती. आपल्याकडे अटी आहेत त्या अशा: पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल', तोही दहा सेंटिमीटर उंच, नंबरप्लेटच्या कोपऱ्यात नेलपॉलिशने काढलेला नव्हे. मागे मित्राला बसवायचं नाही, बसेल तो फक्त पक्कं लायसन्स असलेला शिकवणारा. त्याने गाडी थांबवता येईल असं बसावं, असं नियम म्हणतो. मोटारसायकलच्या मागच्या सीटवरून ब्रेक कसा दाबायचा, हे काही मला अजून उमगलेलं नाही.

राहता राहिली बॅटरीची स्कूटर. २५० वॉटच्या आतली मोटर आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतला वेग असेल, तर लायसन्स आणि नोंदणी लागत नाही. दुकानदार "याला काही लागत नाही" म्हणाला, तरी वॉट किती ते कागदावर बघून घ्या.

आम्ही तशी एक बघायला गेलो. भाच्याने गल्लीत एक चक्कर मारली, उतरला आणि म्हणाला, "मामा, यापेक्षा माझी सायकल जोरात पळते."

सध्या सायकलच पळते आहे. अण्णांनी तिला नवे टायर घेऊन दिले.