उधारीचं पीठ

[दृश्य: वायरबुश गाव. पुन्हा उभारलेली सार्वजनिक भट्टी, कॅमेरा हळूहळू तिच्या काळवंडलेल्या तोंडाशी जातो.]

1846-47चा हिवाळा. प्रशियाच्या, म्हणजे आजच्या जर्मनीतल्या, ऱ्हाइन प्रांतातला वेस्टरवाल्ड हा डोंगराळ मुलूख. जमीन हलकी, थंडी हाडं गोठवणारी. बटाटा रोगानं काळा पडलेला, त्यात धान्यही बुडालं. वायरबुशच्या महापौरांकडे सरकारी पीठ आलं, पण अटीसकट: रोख मोजेल त्यालाच द्यायचं.

आता, ज्याच्या खिशात रोख आहे तो सरकारी पिठाच्या रांगेत कशाला उभा राहील?

महापौरांनी अट बाजूला ठेवली आणि गरिबांना पीठ उधारीवर वाटलं. त्यांचं नाव फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझन, पुढे सहकारी पतसंस्थांचे एक जनक ठरले ते हेच. वयाची तिशीही गाठलेली नव्हती.

महापौर म्हटलं की आपल्याला झगा आणि लाल दिव्याची गाडी आठवते. इथे तसलं काही नव्हतं. वीस-बावीस वाड्यावस्त्यांचा गट आणि त्यावर सरकारनं नेमलेला एक माणूस. निवडणूकही नाही. मामलेदार आणि सरपंच एकाच खुर्चीत बसवावेत, तसा काहीसा प्रकार.

[दृश्य: जुना नकाशा. हाम, वायरबुश, फ्लामर्सफेल्ड, हेडेसडॉर्फ.]

रायफायझन याच मातीतले. जन्म 1818चा, हाम या गावातला, नऊ भावंडांत सातवे. सतराव्या वर्षी सैन्यात गेले, पण डोळ्यांच्या दुखण्यानं ती वाट बंद केली. मग कारकुनी, आणि 1845मध्ये वायरबुश.

पीठ वाटून ते थांबले नाहीत. गावातल्या खात्यापित्या लोकांना पैसे घालायला लावले, राय नावाचं धान्य विकत घेतलं, सार्वजनिक भट्टी बांधली. पाव बाजारभावाच्या जवळपास निम्म्या किमतीत मिळू लागला, तोही सुगीनंतर फेडायच्या बोलीवर.

[दृश्य: फ्लामर्सफेल्ड. लाकडी चौकटीचं घर, आज तिथे संग्रहालय आहे.]

1848मध्ये बदली झाली फ्लामर्सफेल्डला. इथलं दुखणं भुकेपेक्षा चिवट होतं. शेतकऱ्याचं जनावर मेलं की व्यापारी उधारीवर गाय देई, आणि त्या गायीच्या दाव्याला पुढे घर, शेत सगळंच बांधलं जाई. सावकारी पाशाची ही गोष्ट महाराष्ट्राला वेगळी सांगायला नको. 1875मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, त्या याच रागातून.

रायफायझननी 1849मध्ये साठ सधन गावकऱ्यांना एकत्र करून त्यांना सामाईक जामीन राहायला लावलं. त्या जामिनावर पैसा उभा केला, गुरं घेतली आणि शेतकऱ्यांना हप्त्यानं दिली.

इथे एक डाग झाकायचं कारण नाही. या व्यापाऱ्यांपैकी बरेचजण ज्यू होते, आणि उतारवयात रायफायझननी त्यांच्याविषयी जे लिहिलं त्यात सरळसरळ ज्यूद्वेष आहे.

[दृश्य: ऱ्हाइन नदी, काठावर नॉयवीड.]

1852मध्ये ते नॉयवीडजवळच्या हेडेसडॉर्फला आले. 1854मध्ये नवी धर्मादाय संस्था काढली आणि तिच्या गळ्यात सगळीच कामं अडकवली: अनाथ मुलं, तुरुंगातून सुटलेले कैदी, वाचनालय, कर्ज. श्रीमंतांचा उत्साह काही वर्षं टिकला. पुढे एकेक जण काढता पाय घेऊ लागला. ज्याला कर्ज नको त्यानं दुसऱ्याच्या कर्जाला जामीन तरी किती वर्षं राहायचं?

ही गोष्ट रायफायझनना सहज पटली नाही. ते धार्मिक वृत्तीचे. दयेवर सगळं चालावं असं त्यांना मनापासून वाटे. शेवटी 1864मध्ये नियम फिरवून पतसंस्था काढली. कर्ज हवं असेल तर सभासद व्हा आणि एकमेकांचे जामीन राहा, अगदी स्वतःच्या घरादारासकट. कार्यक्षेत्र लहान, म्हणजे कोण कष्टाळू आणि कोण गुत्त्यावर बसतो हे सगळ्यांना ठाऊक. पंचांना पगार नाही. पैसे मिळत ते फक्त हिशेब ठेवणाऱ्याला.

त्या दरम्यान घरावर घाला आला. 1863मध्ये पत्नी एमिली गेली. त्यांची स्वतःची प्रकृती ढासळली, दृष्टी अधू झाली. 1865मध्ये सरकारनं त्यांना निवृत्त केलं. तीन गावं, वीस वर्षं. त्यांच्या पतसंस्थांवरचं पुस्तक दुसऱ्याच वर्षी आलं. पोटापाण्यासाठी त्यांनी आधी सिगारचा कारखाना काढला, मग वाइनचा व्यापार केला. पत्रव्यवहार थोरली मुलगी अमालिया पाही: वडील सांगत, ती लिही. 11 मार्च 1888ला ते गेले, सत्तरी पूर्ण व्हायला एकोणीस दिवस उरले असताना.

[दृश्य: जुन्या अहवालाची पानं.]

मद्रास सरकारनं फ्रेडरिक निकोल्सन या अधिकाऱ्याला युरोपातल्या शेतकी पतपेढ्यांचा अभ्यास करायला सांगितलं. 1895 ते 1897च्या दरम्यान त्यांचा लांबलचक अहवाल आला. त्याचं सार त्यांनी दोन शब्दांत दिलं: रायफायझन शोधा. 1904मध्ये हिंदुस्थानात सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. जी.डी.सी.ची, म्हणजे सहकार आणि लेखाच्या सरकारी पदविकेची, परीक्षा देणारे आपल्याकडे आजही हे नाव घोकतात, बहुतेक वेळा चुकीच्या उच्चारानं.

[दृश्य: गावच्या विकास सोसायटीचं कार्यालय. टेबलावर कर्जमागणीचा अर्ज. कॅमेरा 'जामीनदार' या रकान्यावर. एक शेतकरी शाई लागलेला अंगठा धोतराला पुसतो आणि शेजाऱ्याला पुढे बोलावतो.]