मनात आहे, पण हातून होत नाही

श्रोतेहो, नमस्कार.

मी ठाण्यात समुपदेशनाचं काम करते. आज ज्यांच्याविषयी बोलणार आहे ती माणसं तुमच्या घरात असतील, शेजारी असतील, कदाचित आत्ता ऐकणारे तुम्ही स्वतःच असाल. ही माणसं उपचाराला मनापासून येतात. बोलतात, रडतात, सगळं पटतं. रोज झोपण्याआधी वहीत चार ओळी लिहायच्या, असं ठरवून निघतात. पुढच्या आठवड्यात वही कोरी असते. त्याच्या पुढच्या आठवड्यात वही घरीच राहते. मग एखादी अपॉइंटमेंट चुकते, आणि हळूहळू येणंच थांबतं. घरचे म्हणतात, "याला बरंच व्हायचं नाहीये." आमच्या क्षेत्रातही "क्लायंटची तयारी नाही" असा शेरा मारून फाइल बंद होते. हा शेरा पुष्कळदा अन्यायाचा असतो, असं माझं ठाम मत आहे.

एखादी गोष्ट ठरवणं आणि ती हातून होणं, यांच्या मधलं काम मेंदूला करावं लागतं. त्यात कपाळामागच्या भागाचा, प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचा वाटा मोठा असतो. पंचविशीच्या आसपास तो पुरता पक्व होतो. लागणारी माहिती तेवढ्यापुरती डोक्यात धरून ठेवणं, आलेली ऊर्मी आवरणं, आणि बेत फिसकटला तर दुसरा रस्ता काढणं, या तीन मूळ क्षमता. कामाची सुरुवात करणं, क्रम लावणं, वेळेचा अंदाज घेणं हे सगळं त्यांच्यावर उभं राहतं. मानसशास्त्रात या सगळ्याला मिळून एक्झिक्युटिव्ह फंक्शन्स म्हणतात. नैराश्यात, एडीएचडीमध्ये म्हणजे लक्ष टिकत नाही आणि ऊर्मी आवरत नाहीत अशा त्रासात, डोक्याला मार लागल्यावर, मोठ्या आघातानंतर या क्षमता कमी पडू शकतात. रात्रीची झोप पुरी होत नसेल, थायरॉइडचा त्रास असेल, तरीही फरक पडतो. म्हणून आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावं, हे मी प्रत्येकाला सांगते. हुशारीचा यात फारसा संबंध नाही. अतिशय हुशार माणसांचे अर्ज महिनोन् महिने अर्धवट भरून पडलेले मी पाहिले आहेत.

आता आपण उपचाराला येणाऱ्या माणसाकडून काय काय अपेक्षा करतो ते पाहा. फोन करून वेळ घ्यायची. ती लक्षात ठेवायची. घोडबंदर रोडची वाहतूक धरून घरातून केव्हा निघायचं याचा हिशोब करायचा. आल्यावर आठवडाभरात काय घडलं ते नीट आठवून सांगायचं. इथे ठरलेली गोष्ट घरच्या गडबडीत, कुणी आठवण न करता, आपण होऊन करायची. म्हणजे ज्या क्षमता दुबळ्या झाल्या म्हणून माणूस आला, त्याच वापरल्याशिवाय त्याला आमची मदतच मिळत नाही. ही मांडणी आम्ही केलेली आहे, तेव्हा ती बदलणं हेही आमचंच काम.

एक उदाहरण सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. चाळिशीचे एक गृहस्थ, राहायला वर्तकनगरला, नोकरी ऐरोलीला. नैराश्यावर उपचार चालू होते. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत होते, आता आईला कुटुंब निवृत्तीवेतन मिळतं. नोव्हेंबर महिना. आईचा हयातीचा दाखला द्यायचा होता, नाहीतर पेन्शन थांबणार. रोज सकाळी ते ठरवत, "आज करतोच." रोज रात्री स्वतःला शिव्या देत झोपत. मला म्हणाले, "मॅडम, एवढंसं काम आहे हो!"

मी कागद पुढे केला आणि म्हटलं, हे एवढंसं काम लिहून काढू. आईचे गुडघे दुखतात, दोन जिने उतरवायचे. रिक्षा बघायची. बँकेच्या वेळेत जायचं तर ऑफिसात रजा सांगायची. त्यासाठी साहेबांशी बोलायचं, आणि साहेबांना तर ते आठवडाभर टाळत होते. पीपीओचा, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा नंबर हवा, तो कुठल्या फायलीत आहे ते माहीत नाही. कागद भरत गेला तसे ते गप्प होऊन बघत राहिले. मग तिथूनच त्यांनी आईला फोन लावला. "आई, पप्पांच्या पेन्शनचे कागद कुठेयत गं?" पलीकडून उत्तर आलं, "कपाटात, खालच्या खणात, हिरव्या फायलीत. कितीदा सांगितलंय!" हिरवी फाइल, खालचा खण, हे त्यांनी कागदावर लिहिलं. डिजिटल हयातीच्या दाखल्याची, म्हणजे जीवन प्रमाणची सोय 2014 पासून आहे. आता तर मोबाइलवर चेहरा दाखवूनही तो देता येतो. त्यामुळे जिने, रिक्षा, रजा आणि साहेब, चौघांवर काट मारली. राहिलेलं काम रविवारी सकाळी, बहीण घरी आली की तिच्या शेजारी बसून करायचं ठरलं. ते झालं.

यात समुपदेशन कुठे होतं, असं कुणी विचारेल. माझ्या मते त्या दिवशीचं समुपदेशन तेच होतं. काम घरी नेण्याआधी त्याची पहिली पायरी आमच्यासमोर पडली पाहिजे. वहीतली पहिली ओळ तिथेच बसून लिहावी. मोबाइलमधला गजर तिथेच, त्यांच्या हातांनी लावावा.

बहीण आली की बसायचं, यामागेही अभ्यास आहे. पीटर गॉलवित्झर या मानसशास्त्रज्ञांनी 1999 साली एका लेखात दाखवून दिलं की, नुसतं "मी हे करीन" म्हणण्यापेक्षा "अमुक घडलं की मी तमुक करीन" असं ठरवलं तर काम होण्याची शक्यता चांगलीच वाढते. "रोज गोळी घेईन" हे सुटतं. "सकाळच्या चहाचा कप खाली ठेवला की गोळी घेईन" हे टिकतं, कारण आठवण करून द्यायला कप असतो.

ऐकणाऱ्यांत समुपदेशक असतील तर त्यांना माझी विनंती आहे. वार आणि वेळ शक्यतो बदलू नका. आदल्या संध्याकाळी एक मेसेज पाठवा. सत्राची शेवटची काही मिनिटं राखून ठेवा, ठरलेली एकच गोष्ट क्लायंटला स्वतःच्या अक्षरात लिहू द्या आणि तिचा फोटो काढायला सांगा. पुढच्या वेळी "केलंत का?" असं विचारू नका, "कुठे अडलं?" असं विचारा. पहिल्या प्रश्नाला मान खाली जाते, दुसऱ्याला माहिती मिळते.

आणि घरच्यांना. "किती वेळा सांगायचं?" हे वाक्य कितीही मनात आलं तरी गिळा. त्यापेक्षा चहा घेऊन शेजारी बसा, तुमचं काम तुम्ही करा, त्यांना त्यांचं करू द्या. कुणी नुसतं सोबत असलं तरी अडलेलं काम सुरू होतं, हे मी वारंवार पाहिलं आहे. मदत म्हणजे त्यांचं काम आपण उरकून टाकणं नव्हे. त्याने त्या दिवसापुरतं भागतं, पण माणूस आणखी खचतो.

आपल्या शहरात 1901 पासून मनोरुग्णालय आहे आणि त्याच्या नावावर थट्टा करायची सवयही तितकीच जुनी असावी. त्या थट्टेला भिऊन कितीतरी जण उपचाराची पायरी चढत नाहीत. त्यातून जे आले, त्यांना एका चुकलेल्या अपॉइंटमेंटच्या संकोचापायी गमावणं मला फार लागतं. कुणाकडे जावं कळत नसेल तर टेली मानसच्या 14416 या क्रमांकावर फोन करा. सरकारी सेवा आहे, मोफत आहे, दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलता येतं.

आणि ज्यांची वेळ चुकली आहे, जे आता कोणत्या तोंडाने फोन करू म्हणून थांबले आहेत, त्यांनी हे वाक्य कागदावर लिहून घ्या: "मागच्या वेळी येता आलं नाही, पुढची वेळ द्या." फोन लागला की ते वाचून दाखवा. कारण सांगायची गरज नाही.

नमस्कार.