बीमवर बीम येतो तेव्हा

नागपूर, हिंगणा एमआयडीसी. या शेडमध्ये एका कारखान्याचा पोटमाळा तयार होतोय. खाली लोखंडी बीम मांडलेत. लांबीला ३०० चे, म्हणजे ३०० मिलिमीटर उंचीचे, त्यांना छेदणारे २०० चे. अर्थात लोखंडातून लोखंड आरपार जात नाही. ३०० चा बीम अखंड राहतो, २०० चा कापला जातो आणि त्याचे तुकडे दोन्ही अंगांनी येऊन त्याला भिडतात. दोघांचा माथा एका पातळीत यावा म्हणून तुकड्याचा वरचा कोपरा असा गॅस कटरने काढतात. त्यामुळे अखंड बीमपर्यंत पोचतो तो वेब, म्हणजे मधली उभी पट्टी, आणि खालचा फ्लँज, म्हणजे तळाची आडवी पट्टी.

आता हेच स्क्रीनवर. स्टॅड प्रो या सांगाड्यांचं डिझाइन करायच्या सॉफ्टवेअरमध्ये बीम म्हणजे एक रेघ. दोन रेघा एकमेकींवरून ओढल्या, फुली दिसली, तरी सॉफ्टवेअरच्या लेखी तिथे सांधा नाही. भार देऊन पाहा: एक वाकतो, दुसरा ढिम्म. ‘इंटरसेक्ट सिलेक्टेड मेंबर्स’ ही आज्ञा दिली की दोन मेंबरांचे, म्हणजे रेघांचे, चार होतात आणि छेदावर नोड, म्हणजे सांध्याचा बिंदू, येतो. पुन्हा भार. आता दोघेही सोबत वाकतात.

बरेच जण इथेच समाधान मानतात. पण नोड आला की सॉफ्टवेअर तो सांधा पूर्ण ताठ धरतं, जणू २०० चा बीम कधी कापलाच नव्हता. शॉपमध्ये, म्हणजे वर्कशॉपमध्ये, नुसता वेब वेल्ड होणार असेल, तर तुकड्यांच्या या टोकांना मोमेंट रिलीज, म्हणजे सांध्यात वळायची मोकळीक, द्यायलाच हवा. अखंड बीमला तो द्यायचा नसतो.

वेल्डर आधी टॅक, म्हणजे वेल्डचे छोटे ठिपके, मारतो, गुणिया लावून काटकोन बघतो, मग सलग पास. ६ मिलिमीटरचा फिलेट, म्हणजे कोपऱ्यात भरलेला तिकोनी वेल्ड. त्यातला भार पेलणारा घसा ०.७ पट, म्हणजे ४.२ मिलिमीटर. पोलादी बांधकामाच्या आयएस ८००:२००७ या भारतीय मानकाप्रमाणे, ४१० मेगापास्कल ताकदीच्या पोलादात, शॉपमधला असा १०० मिलिमीटर वेल्ड साधारण ८० किलोन्यूटन घेतो. तोच साइटवर मारला तर ६६ धरायचे, कारण सुरक्षा गुणांक १.२५ चा १.५ होतो. मॉडेलमधल्या रेघेत हा वेल्ड कुठेच नसतो. टोकावरचं बल काढून त्याचा हिशेब वेगळा करावा लागतो.

डिझाइन करणारी इंजिनीअर आज मॉडेल घेऊन शेडमध्ये आली आहे. असं प्रत्येक कामावर व्हायला हवं. फोरमन छेदावर हात ठेवून विचारतात, “मॅडम, वरून पट्टी माराची, का नुसता वेबच?”

ठरवायचं होतं ते हेच: पट्टी मारून टोकं ताठ करायची, की नुसत्या वेबवर मोकळी ठेवायची. मॉडेलमध्ये टोकं ताठ धरली आणि प्रत्यक्षात मोकळी राहिली, तर पसरलेल्या भाराखाली बीमचं वाकणं पाचपटीपर्यंत जाऊ शकतं.

लॅपटॉप बीमवरच उघडतो. एकदा रिलीज देऊन, एकदा न देता. रिलीज दिल्यावर २०० चा बीम पुरत नाही. पट्टी मारायची ठरते: दोन्ही तुकड्यांचे माथे सांधणारी, अखंड बीमच्या वरून जाणारी. खालचे फ्लँजही त्याच्या वेबला पूर्ण वेल्ड. पट्टीची जाडी आणि वेल्डची लांबी तिथेच ड्रॉइंगवर चढते, आणि फोरमन पट्टी कापायला सांगतात.