भार कोणावर? : अर्थशास्त्रज्ञ डॉ. आंबेडकरांचे राजकारण

अध्यक्षमहाराज आणि मित्रहो,

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर महाराष्ट्रात जितकी व्याख्याने होतात तितकी क्वचितच दुसऱ्या कोणा नेत्यावर होत असतील. त्यांत राज्यघटनेचे शिल्पकार भेटतात, महाडचा सत्याग्रह भेटतो, नागपूरचे धर्मांतर भेटते. अर्थशास्त्रज्ञ आंबेडकर मात्र बहुधा पदव्यांच्या यादीपुरते उरतात. ही यादी वाचून पुढे जाण्याची सवय मला फार नुकसानीची वाटते. १९२३ पर्यंतचा त्यांचा अभ्यास आणि १९२७ पासूनचे त्यांचे संसदीय राजकारण यांच्यामध्ये आपण उगाचच भिंत घातली आहे. कराचा, चलनाचा किंवा कायद्याचा भार शेवटी कोणाच्या शिरावर पडतो, हा सार्वजनिक वित्ताच्या अभ्यासकाचा पहिला प्रश्न असतो. बाबासाहेबांनी तो आधी प्रबंधांत विचारला, मग कायदेमंडळात, आणि अखेर मंत्रिमंडळात.

शिक्षणाचा तपशील आपणा सर्वांना ठाऊक असल्यामुळे तो थोडक्यात सांगतो. १९१२ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून अर्थशास्त्र व राज्यशास्त्र घेऊन ते बी. ए. झाले. १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे सार्वजनिक वित्तातले मान्यवर पंडित एडविन सेलिगमन हे त्यांचे गुरू होते. पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रवेश झाला, परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून शिलकीत टाकलेला पैसा, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राने दिलेले कर्ज यांच्या बळावर १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली डी. एस्सी. झाले.

मधल्या काळात, १९१८ साली, त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींवर एक निबंध लिहिला. शेतीच्या दुरवस्थेचे कारण जमिनीचे तुकडे होणे हे आहे, तेव्हा तुकडे एकत्र करा आणि वाटणीला बंदी घाला, असा त्या वेळच्या तज्ज्ञांचा सूर होता. बाबासाहेबांनी विचारले की, लहान शेत आणि मोठे शेत ठरवायचे कशावरून? केवळ क्षेत्रफळावरून ते ठरत नाही. त्या जमिनीवर भांडवल आणि श्रम किती प्रमाणात लागतात यावरून ठरते. औत नाही, बैल नाही, पैसा नाही, अशा शेतकऱ्याला आहे तेवढीच जमीन मोठी आहे. खरे दुखणे असे की, जमिनीवर गरजेपेक्षा जास्त माणसे अवलंबून आहेत, त्यांचे श्रम वाया जातात आणि तरी पोट मात्र त्याच जमिनीवर भरावे लागते. म्हणून शेतीच्या दुखण्यावरचा इलाज त्यांनी उद्योगीकरणात शोधला. हा निबंध लिहिणारा प्राध्यापक तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. हा विचार ध्यानात ठेवावा, कारण पंचवीस वर्षांनी तो पुन्हा समोर येणार आहे.

आता रुपयाच्या प्रश्नाकडे वळू; त्यांच्या डी. एस्सी.च्या प्रबंधाचा आणि त्यातून झालेल्या पुस्तकाचा हाच विषय. १८९३ साली सरकारने टांकसाळी खासगी चांदीसाठी बंद केल्या, म्हणजे लोकांनी आणलेल्या चांदीचे रुपये पाडणे थांबवले, आणि काही वर्षांत रुपया इंग्रजी चलनातल्या १ शिलिंग ४ पेन्सला बांधला. देशात चांदीचा रुपया आणि त्याला आधार म्हणून बराचसा साठा लंडनमध्ये, अशी ही सुवर्ण विनिमय पद्धत होती. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी १९१३ साली तिची भलावण केली होती. बाबासाहेबांनी नेमके याच पद्धतीवर बोट ठेवले. रुपये किती पाडायचे यावर बाहेरून कसलाही लगाम नसेल तर सरकार ते वाढवत जाईल, भाव चढतील आणि रुपयाची देशातली खरेदीशक्ती घसरेल, असे त्यांचे म्हणणे होते. परदेशी हुंडणावळीचा, म्हणजे परकी चलनाशी विनिमयाचा, दर स्थिर राहिला म्हणजे चलन स्थिर झाले, ही समजूत त्यांनी साफ नाकारली. त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांनी पुस्तकाला प्रस्तावना लिहिली, तीत त्यांचे बहुतेक युक्तिवाद आपल्याला मान्य नसल्याचे स्पष्ट म्हटले आणि तरीही विचारांतल्या ताजेपणाची मोकळी दाद दिली. शिष्याला याहून प्रामाणिक प्रशस्तिपत्र मिळणे कठीण.

या प्रबंधातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग वेगळाच आहे. रुपया घसरला की निर्यात वाढते आणि देशाचा फायदा होतो, असे सर्रास बोलले जाई. बाबासाहेब म्हणतात, हा फायदा परदेशातून आलेला नाही. भाव चढतात तितक्या वेगाने मजुरी चढत नाही; म्हणजे व्यापाऱ्याच्या गल्ल्यात पडलेला पैसा याच देशातल्या मजुराच्या खिशातून गेलेला असतो. देशाचा फायदा असे म्हणताना देशातला कोण, हे विचारल्याशिवाय त्यांचे अर्थशास्त्र एक पाऊल पुढे जात नाही.

१९२५ साली भारताच्या चलनाचा विचार करणाऱ्या हिल्टन यंग आयोगासमोर त्यांनी साक्ष दिली. मुंबईचा व्यापारी वर्ग १ शिलिंग ४ पेन्सचा दर, म्हणजे स्वस्त रुपया, हा राष्ट्रहिताचा प्रश्न म्हणून मांडत होता, तर सरकारचा कल १ शिलिंग ६ पेन्सकडे होता. बाबासाहेबांनी आयोगापुढे ठेवलेली योजना अगदी नेमकी होती: रुपये पाडणे सरकारलाही पूर्ण बंद करा, सोन्याची नाणी पाडणारी टांकसाळ उघडा, रुपया आणि सोन्याचे नाणे यांचे प्रमाण कायद्याने ठरवा, आणि दोन्ही एकमेकांत बदलून न देता अमर्याद कायदेशीर चलन म्हणून चालू द्या. येथे एक गोष्ट आदरपूर्वक सांगितली पाहिजे. रिझर्व्ह बँक बाबासाहेबांच्या पुस्तकावरून उभी राहिली, असे वारंवार सांगितले जाते. मध्यवर्ती बँकेची शिफारस त्याच आयोगाने केली हे खरे. पण बाबासाहेबांचा मूळ आग्रह चलन कोणाच्याही मर्जीवर सोडू नये असा होता. त्यांची थोरवी सिद्ध करायला त्यांचे मत बदलून सांगण्याची गरज नाही.

१९२७ साली ते मुंबई कायदेमंडळात सभासद म्हणून गेले आणि पहिल्याच अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी शेतसाऱ्यावर हल्ला चढवला. प्राप्तिकर द्यायला ठरावीक मर्यादेवरचे उत्पन्न लागते, पण शेतसारा मात्र एक-दोन एकरवाल्या गरिबालाही चुकत नाही. पीक बुडाले तरी तो द्यायचाच. सेलिगमनचा विद्यार्थी आता वर्गातून सभागृहात आला होता, एवढाच फरक.

१९२८ साली त्यांनी महार वतनासंबंधी विधेयक आणले. वतनदार महाराला सरकारी कामासाठी दिवसा-रात्री केव्हाही हाक यायची आणि तो नसेल तर घरातल्या दुसऱ्याला जावे लागे. मोबदल्यात थोडी जमीन आणि गावकऱ्यांकडून मिळेल तेवढे बलुते. काम सरकारचे, पण त्याचा पगार बराचसा गावाच्या मर्जीवर, ही व्यवस्था त्यांनी आकड्यांनिशी उघडी केली. पूर्ण सारा भरून वतनाच्या चाकरीतून सुटका मिळावी आणि बलुत्याऐवजी रोख कर बसवावा, असा त्यांचा मार्ग होता. अस्पृश्यतेच्या पायाशी असलेला हा वेठीचा हिशेब त्यांच्याइतका स्वच्छ क्वचितच कोणी मांडला असेल. विधेयक त्यांना मागे घ्यावे लागले. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा झाला तो १९५८ साली, त्यांच्या निधनानंतर.

१९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. आंबेडकर घराण्याचे मूळ गाव आंबडवे हे मंडणगडजवळचे, म्हणजे खोतीच्याच मुलखातले. सरकार आणि कूळ यांच्यामध्ये बसून कुळाकडून मनमानी वसुली करणारा खोत बाजूला करावा आणि कुळाने सारा थेट सरकारला द्यावा, अशी ही मागणी होती. १९३८ च्या जानेवारीत कोकणातले शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चाने आले. येथेही हाती लागले ते उशिरा: खोती गेली १९४९ च्या कायद्याने.

१९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूरमंत्री होते. कारखान्यांतले कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आले ते याच कारकिर्दीत. वीज आणि पाटबंधारे हीदेखील त्याच खात्याची कामे होती, हे मात्र आपण विसरतो. मुबलक आणि स्वस्त वीज हवी, कारण तिच्यावाचून उद्योग नाहीत आणि उद्योगांवाचून जमिनीवरचा बोजा हलणार नाही, असे ते १९४३ साली सांगत होते. १९१८ चा निबंध आता सरकारी धोरण झाला होता. दामोदर खोऱ्याच्या योजनेत पूरनियंत्रण, सिंचन, वीज आणि जलवाहतूक एकत्र बांधण्याचा आग्रह त्यांनी धरला. ओरिसातल्या नद्यांसंबंधी १९४५ साली कटकला बोलताना तर त्यांनी पुराकडे बघण्याची दृष्टीच उलटवली: पाणी जास्त होण्यापेक्षा पाणी नसण्याने माणसाचे हाल अधिक होतात, तेव्हा ते समुद्रात घालवण्याऐवजी अडवा आणि वापरा.

राज्यघटनेविषयी दोनच मुद्दे सांगतो. केंद्र आणि प्रांत यांच्यातल्या महसूलवाटपाचा इतिहास हा त्यांच्या कोलंबियातील डॉक्टरेटचा विषय होता. मसुदा समितीत बसलेल्या अध्यक्षाला हा प्रश्न कोणी शिकवावा लागला नाही, आणि घटनेच्या २८० व्या कलमातला वित्त आयोग आजही ते वाटप सुचवतो. दुसरे म्हणजे, सरकारी खर्चाचे हिशेब तपासणारा महालेखापरीक्षक हा घटनेतला बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे, असे त्यांनी १९४९ साली संविधान सभेत म्हटले. ज्याने ऐन उमेदीची वर्षे कंपनी सरकार आणि ब्रिटिश सरकारच्या जमाखर्चात घालवली, त्याला या पदाची किंमत कळत होती. मूलभूत उद्योग, विमा आणि शेती राज्याच्या मालकीची असावी आणि ते घटनेतच लिहून ठेवावे, ही १९४७ ची त्यांची मागणी मात्र घटनेत आली नाही.

सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी केंद्रीय कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला. हिंदू कोड बिलाचे कारण सर्वश्रुत आहे. पण १० ऑक्टोबरच्या निवेदनात आणखी एक सल आहे आणि ती वाचताना मला दर वेळी खंत वाटते. कायदेखात्याशिवाय नियोजनासारखे खाते सांभाळण्याची आपली तयारी होती, ते मिळाले नाही, असे त्यांनी नोंदवले. आपण मुळात अर्थशास्त्र आणि वित्ताचे विद्यार्थी असल्यामुळे मंत्रिमंडळाच्या आर्थिक व्यवहार समितीवर तरी आपली नेमणूक होईल अशी त्यांची अपेक्षा होती. तेथेही त्यांना आधी वगळले गेले, आणि पुढे समितीवर घेतले ते त्यांनी हरकत नोंदवल्यानंतर. ज्या देशापाशी चलन, महसूल, शेती आणि मजुरी या चारही विषयांवर स्वतःच्या अभ्यासातून बोलणारा मंत्री होता, त्या देशाने नियोजनाची पहिली वर्षे त्याला कायदेखात्यात बसवून काढली. रुपयावरच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती १९४७ साली काढताना, १९२३ नंतरचा चलनाचा इतिहास दुसऱ्या खंडात लिहिण्याचा मनोदय त्यांनी जाहीर केला होता. तो खंड झाला नाही.