दंडाची पावती

मंडळी, सातपुड्यात धडगावच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर आम्ही वनहक्काचे, म्हणजे कसत असलेल्या जंगलजमिनीवरच्या हक्काचे, दावे भरायला बसलो होतो. एका म्हाताऱ्या बाबांनी पत्र्याची पेटी उघडली आणि प्लास्टिकच्या पिशवीतून एक कागद काढला. घड्यांवर विरलेला, शाई उडालेली. 'अतिक्रमण' केलं म्हणून त्यांच्या वडिलांना झालेल्या दंडाची ती पावती होती. तिकडे डोंगरातल्या अशा शेताला नेवाड म्हणतात. घरच्यांसाठी ते नेवाड, सरकारदरबारी तो गुन्हा.

बाबांनी भीतभीत विचारलं, "हे दाखवू की लपवू?"

दाखवाच, असं मी म्हटलं. ज्या कागदानं बापाला गुन्हेगार ठरवलं, तोच आज साक्ष देत होता की हे कुटुंब तेव्हाही इथंच कसत होतं.

२००६ च्या वनहक्क कायद्याचं मोठेपण मला इथं दिसतं. प्रस्तावनेतच तो आदिवासींवरच्या 'ऐतिहासिक अन्याया'ची कबुली देतो. आदिवासी दावेदाराचा १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा ताबा हवा, कसत असेल तेवढी जमीन, पण ४ हेक्टरांपर्यंतच, या अटी तुम्हाला ठाऊक असतील. या कायद्याच्या नियमांतला नियम १३ मात्र सावकाश वाचा; दाव्याला कोणता पुरावा चालतो ते तो सांगतो. बांध, विहीर, दफनभूमी, देवस्थान हा पुरावा. दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या वडीलधाऱ्याचं लिहून घेतलेलं सांगणं, हाही पुरावा. ज्यांच्याकडे पिढ्यान् पिढ्या कागदच नव्हता, त्यांच्या बोलण्याला कायद्यानं कागदाची किंमत दिली.

आणि बोलण्यात किती ताकद असते! ओडिशात नियमगिरीच्या डोंगरातलं बॉक्साइट काढायचं होतं. तिथले डोंगरिया कोंध आदिवासी म्हणाले, हा आमच्या नियमराजा देवाचा डोंगर आहे. १८ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की इथल्या धार्मिक आणि सांस्कृतिक हक्कांवर ग्रामसभांनी विचार करावा. त्या पावसाळ्यात १२ ग्रामसभा बसल्या आणि बाराही ठिकाणी 'नाही' असाच ठराव झाला. आदिवासी भागांसाठीची संविधानाची पाचवी अनुसूची, तिथल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा, हे सगळं पुस्तकात होतंच. पण चिखलात बसलेल्या बायामाणसांनी ते स्वतःच्या तोंडानं वापरलं.

आपल्याकडे मात्र दावे फेटाळताना अजून उपग्रहाचं चित्र पुढे केलं जातं. 'चित्रात शेत दिसत नाही.' अहो, उतारावरची ती चिंचोळी पट्टी, मधे मोहाची चार झाडं राखलेली, वरून जंगलच दिसणार! वनहक्क नियमांच्या २०१२ च्या दुरुस्तीत स्पष्ट लिहिलंय की उपग्रह-चित्र इतर पुराव्यांच्या जोडीला घ्यायचं, त्यांच्या जागी नाही. दावा फेटाळला तर कारणं लेखी द्यावी लागतात, आणि त्यावर ६० दिवसांत अर्ज करता येतो. हे पाड्यापाड्यावर पोचवायला माणसं हवीत. आज इथं जमलेल्यांपैकी कुणाला येता येईल, ते व्याख्यानानंतर मला भेटून सांगा.