सुंभ, सरी आणि टॉर्क

नमस्कार. मागं ऐकू येतंय ना? बरं. ही टेबलावर ताटली ठेवलीय, त्यात सुंभाचा वीतभर तुकडा आहे. त्याचं एक टोक आत्ताच पेटवून ठेवतो, सुंभ जळायला वेळ लागतो, तोवर आपलं बोलणं होईल. पंखा तेवढा बंद करा कुणीतरी.

आधीच सांगतो, मी भाषेचा माणूस नाही. तीस वर्षं वर्कशॉपमध्ये काढलीत आणि टॉर्क हा शब्द दिवसातून पन्नास वेळा तोंडात यायचा, पण तो मुळात कुठून आला हे मी कधी विचारलं नव्हतं, कशाला विचारेन, पाना हातात असताना पाना शब्द कुठून आला असं कोण विचारतं. झालं काय, भाच्याला बाईक घ्यायची होती, बुलेट क्लासिक ३५० की केटीएमची २०० ड्यूक असा त्याचा घोळ चाललेला. तो म्हणे मामा, ड्यूकची पॉवर २५ हॉर्सपॉवरच्या आसपास आहे आणि बुलेटची २०, मग लोक बुलेटला दमदार का म्हणतात? मी म्हटलं अरे टॉर्क बघ की, तो न्यूटन मीटरमध्ये मोजतात, बुलेटचा २७ आहे आणि ड्यूकचा १९, आणि तो २७ सुद्धा चार हजार आरपीएमलाच मिळतो, ड्यूकला त्याचा १९ मिळायला आठ हजारापर्यंत किंचाळावं लागतं. पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले फिरण्याचा वेग, ड्यूक जोरात फिरून पॉवर काढते, बुलेट जोर लावून. तो म्हणाला ते कळलं, पण टॉर्क म्हणजे मराठीत काय? मी म्हटलं बलाघूर्ण. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी त्याला शिवी दिली.

मग मी विचार करायला लागलो. आघूर्ण शब्दात चूक काहीच नाही, घूर्ण म्हणजे गरगर फिरणं, संस्कृतातला चांगला धातू आहे. पण गॅरेजमध्ये कुणी 'नटला आघूर्ण दे' म्हणेल का? तिथं काय म्हणतात, 'अजून एक पीळ दे.' हाच तो शब्द. पीळ. आणि गंमत अशी की लॅटिनमधून टॉर्क आला तो ज्या क्रियापदावरून, टॉर्क्वेरे, त्याचा अर्थ डिट्टो हाच, पिळणे, पीळ देणे. म्हणजे आपण जे साधं घरचं म्हणत होतो तेच रोमन लोक म्हणत होते, मध्ये आपण विनाकारण घूर्णन करत बसलो.

पीळ म्हणजे नुसता जोर नाही हे ज्यानं कधी पंक्चर काढायला चाक खोललंय त्याला माहितीय. तीस सेंटीमीटरचा पाना आहे, तुम्ही त्यावर पंचवीस किलो वजनाइतका जोर टाकला तर नटला साधारण ७३ न्यूटन मीटर मिळतात. नट हलत नाही. मग तुम्ही काय करता, पान्याच्या दांड्यात पाइप घालता, लांबी साठ सेंटीमीटर झाली, जोर तोच, पण आता १४७. नट कुरकुरतो आणि सुटतो. जोर वाढला नाही, अंतर वाढलं. एवढंच आहे टॉर्क.

आणि उलटंही होतं. मी शिकाऊ होतो तेव्हा एका स्कूटरचा स्पार्क प्लग बसवत होतो. हेड ॲल्युमिनियमचं, प्लग लोखंडी. हातानं बसला, मग पान्यानं घट्ट झाला, मग मला वाटलं अजून थोडा. पान्याला पहिल्यांदा करकर जाणवते, मग एकदम लोण्यात सुरी गेल्यासारखं मऊ लागतं. ते मऊ लागलं की समजायचं आटे गेले. उस्ताद लांब उभा होता, त्याला आवाजसुद्धा आला नसेल, माझ्या तोंडाकडं बघूनच तो म्हणाला, 'पिळलास?' त्या एका शब्दात टॉर्क, टॉर्क रेंच, टाइटनिंग स्पेसिफिकेशन सगळं आलं. त्या महिन्याच्या पगारातून हेडचे पैसे गेले ते वेगळं.

तर टॉर्क्वेरे. या एका क्रियापदाची पोरंबाळं इंग्रजीत इतकी आहेत की मोजता मोजता दमाल. टॉर्चर घ्या, माणसाला पिळणं. एक्स्टॉर्ट म्हणजे पिळून बाहेर काढणं, खंडणी. आता आपल्याकडं बघा, पिळवणूक! सावकार शेतकऱ्याला काय करतो, पिळून घेतो. कुणी इंग्रजीतून भाषांतर केलेलं नाहीये हे, ज्याच्या ज्याच्या घरी ओला कपडा आणि उसाचं कांडं आहे त्याला हे आपोआप सुचतं. डिस्टॉर्ट म्हणजे पिरगळणं, शब्दही पिरगळता येतात. रिटॉर्ट म्हणजे आलेलं बोलणं पिळून परत फेकणं, उलट उत्तर. वकील मंडळी असतील तर टॉर्ट, म्हणजे अपकृत्य, सरळ नाही ते, वाकडं. आणि टॉर्च! टॉर्च म्हणजे पिळलेल्या चिंध्या किंवा ताग मेणातेलात बुडवून पेटवायचा. गोंधळी देवीपुढं पोत नाचवतो तो बघितलाय ना, कापडाचा पीळ आणि वर तेल, अगदी तोच टॉर्च. सेलवाली बॅटरी नंतर आली आणि तिनं नाव तेवढं घेतलं, पीळ टाकून दिला.

एक शब्द मात्र या घरातला नाही, सांगून टाकतो कारण मला स्वतःला बरीच वर्षं तसं वाटत होतं. स्पेनमधला तो इन्क्विझिशनचा, म्हणजे पाखंडी शोधून शिक्षा देणाऱ्या चर्चच्या न्यायालयाचा, क्रूर अधिकारी टॉर्केमाडा. टॉर्चर आणि टॉर्केमाडा, वाटणारच ना नातं. पण ते गावाचं नाव, अर्थ जळका बुरूज. निव्वळ योगायोग.

आता पीळ या आपल्या शब्दाकडं परत येतो, कारण इथं मला जे सापडलं ते सांगायलाच मी आज आलोय, बाकी सगळं तोंडी लावणं. पिळणे हे क्रियापद संस्कृतच्या पीड् धातूवरून आलंय, दाबणे, चेपणे, प्राकृतात त्या ड चा ळ झाला. आणि पीड् वरूनच पीडा. म्हणजे आपल्याकडं पीळ आणि पीडा सख्खी भावंडं, तिकडं टॉर्क आणि टॉर्चर सख्खी भावंडं, आणि या दोन घराण्यांचा एकमेकांशी रक्ताचा संबंध नाही! धातू वेगळे आहेत. दोन भाषा, आपापल्या वाटेनं, हात पिरगळला की दुखतं या एका अनुभवापाशी येऊन थांबल्या. मला तरी हे कुठल्याही व्युत्पत्तीपेक्षा जास्त आवडलं.

बरं, रक्ताचा नातेवाईक आपल्याकडं नाहीच असंही नाही. संस्कृतात तर्कु म्हणजे सूत कातायची चाती, आणि तो शब्द टॉर्क्वेरेच्याच खानदानातला मानतात. ती हातात धरून फिरवायची तकली, टकळी म्हणा, ती त्याच घरची. म्हणजे कुणाच्या तोंडाची टकळी चालू असते असं आपण म्हणतो तेव्हा, लांबून का होईना, टॉर्कबद्दलच बोलतो. माझी आत्ता चालू आहे तशी. तर्क, म्हणजे लॉजिकवाला तर्क, त्याचंही नातं काही जण इथंच जोडतात, विचार मनात फिरवणं वगैरे, मला ते जरा जास्तच ताणलेलं वाटतं, सोडा.

आता दागिना. इंग्रजीत टॉर्क म्हणजे आधी मशीनमधला जोर नव्हताच, गळ्यातलं कडं होतं. लॅटिनमध्ये टॉर्क्वेस. गॉल, म्हणजे आजच्या फ्रान्सकडचा मुलूख, आणि ब्रिटन इथले केल्टिक लोक सोन्याच्या तारा पिळून जाड कडं करायचे, पुढं दोन टोकं उघडी, ती थोडी फाकवून गळ्यात घालायची. रोमन लोकांना याचं फार अप्रूप. लिव्ही या रोमन इतिहासकारानं गोष्ट सांगितलीय, इसवी सनापूर्वी ३६१ मध्ये आनिओ नदीच्या पुलावर एक धिप्पाड गॉल उभा राहिला आणि म्हणाला या कुणात दम असेल तर. टायटस मॅनलियस नावाचा तरुण रोमन पुढं गेला, त्याला मारलं आणि त्याच्या गळ्यातलं ते रक्तानं भरलेलं कडं काढून स्वतःच्या गळ्यात घातलं. तेव्हापासून त्याचं आणि त्याच्या घराण्याचं आडनावच पडलं टॉर्क्वाटस, कडेवाला. पुढं रोमन सैन्यात पराक्रमाचं बक्षीस म्हणूनही टॉर्क्वेस द्यायला लागले. रोमच्या कॅपिटोलाइन म्युझियममध्ये 'मरणारा गॉल' नावाचा संगमरवरी पुतळा आहे, जखमी योद्धा जमिनीवर कलंडलेला, अंगावर कपडा नाही, पण गळ्यात पिळाचं कडं आहे. फोटो तरी जरूर बघा.

आणि स्नेटिशॅमचा टॉर्क. इंग्लंडमध्ये नॉरफोकला स्नेटिशॅम गावाजवळच्या शेतात १९५० मध्ये सापडला, आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. वजन एक किलोच्या थोडं वर, सोन्यात चांदी मिसळलेली, वय दोन हजार वर्षांच्या पुढं. मी त्याचे फोटो मोठे करून करून बघितलेत. आठ तारा पिळून एक दोर, असे आठ दोर, आणि ते आठ दोर परत एकमेकांत पिळलेले, एकूण ६४ तारा. ज्यानं कुणी हे केलं त्याला दोर वळता येत होता, शंकाच नाही. आमचे आजोबा मांडीवर अंबाडीचा वाख घेऊन दोर वळायचे, आधी एकेक पदर एका दिशेनं पिळायचा आणि मग ते पदर एकत्र करताना उलट्या दिशेनं. पदर सुटायला बघतो आणि दोर त्याला सुटू देत नाही, दोघांचं भांडण कायम चालू आणि त्या भांडणावरच दोर टिकतो. आजोबांना टॉर्क माहीत नव्हता पण दोन टॉर्क एकमेकांसमोर उभे करून त्यांनी आयुष्यभर बैल बांधले.

आपल्याकडं या दागिन्याचे दोन भाऊबंद आहेत. आकारानं सरी, गळ्याभोवतीचं ते ताठ कडं. आणि घडणीनं गोफ, सोन्याच्या पिळलेल्या विणीचा. टॉर्क्वेस म्हणजे गोफाचा पीळ घेतलेली सरी असं म्हणलं तर सराफकट्ट्यावर कुणालाही कळेल. आणि आपली म्हण आहेच, तिनं घातली सरी म्हणून मी घालते दोरी. म्हणणारीला माहीत होतं का की सरी आणि दोरी एकाच हिकमतीची दोन रूपं आहेत? नसेल. पण ब्रिटनमधल्या त्या सोनाराला पक्कं माहीत होतं.

मग हा गळ्यातला टॉर्क गिअरबॉक्समध्ये कसा गेला? तिथं नेणारा माणूस जेम्स थॉमसन. लॉर्ड केल्विनचा मोठा भाऊ, बेलफास्टचा, ग्लासगोला इंजिनिअरिंगचा प्रोफेसर. धाकट्याच्या नावानं तापमानाचं एकक झालं आणि थोरला विस्मरणात गेला, आपल्याकडंही होतं असं घराघरात. पण या माणसाला शब्द पाडायची खोड होती. रेडियन, म्हणजे कोन मोजायचं एकक, हा शब्द त्याचा, १८७३ मध्ये बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या परीक्षेच्या पेपरात तो पहिल्यांदा छापून आला, म्हणजे पहिला रेडियन बिचाऱ्या पोरांनी पेपरातच बघितला! ट्रिपल पॉइंट, म्हणजे बर्फ, पाणी आणि वाफ तिन्ही एकत्र नांदतात ती स्थिती, हाही शब्द त्याचाच. आणि १८८४ मध्ये टॉर्क. त्याच वर्षी सिल्व्हेनस थॉम्पसन या दुसऱ्या थॉम्पसननं, याच्यात प आहे, डायनॅमोवरच्या आपल्या पुस्तकात तो वापरला. या सिल्व्हेनसचं म्हणणं साधं होतं, सरळ रेषेत ढकलणाऱ्याला जसं फोर्स हे एकच नाव आहे तसं आसाभोवती पिळणाऱ्यालाही एकच नाव हवं, मोमेंट आणि कपल म्हटलं की डोक्यात उगाच दोन-दोन गोष्टी येतात, जोर आणि अंतर, किंवा दोन जोर. डायनॅमो आणि मोटर तेव्हा नवीन होत्या, शाफ्टवर किती पीळ पडतो हा रोजचा प्रश्न झाला होता, म्हणून शब्द टिकला. फ्रेंच आजही कपलच म्हणतात, जर्मन ड्रेमोमेंट, त्यांचं काही अडलेलं नाही.

तिकडून हात वर दिसतोय. काय? हो, प्रश्न बरोबर आहे, ते म्हणतायत की मग पुस्तकात बलाघूर्णच्या जागी पीळ लिहावं का. परीक्षेत बलाघूर्णच लिहा, मार्क तिथं आहेत. पण शिकवताना पहिल्या दिवशी पीळ म्हणा. एक अडचण मी लपवत नाही, पीळ म्हणजे देण्याची क्रियाही आणि दिल्यावर जो वळ राहतो तोही. टॉर्क म्हणजे फक्त पहिलं, दुसऱ्याला इंग्रजीत टॉर्शन, ट्विस्ट असे वेगळे शब्द आहेत. आपला पीळ दोन्हीकडं चालतो. इंजिनिअरला ते खटकेल. मला आता खटकत नाही.

बरं, ताटली. जळला बघा पूर्ण, विझलाय. आता ही ताटली हळूहळू पुढं फिरवा, फुंकर मारू नका, बोट तर अजिबात लावू नका. सगळी राख आहे. पण जवळून बघा, पदर दिसतायत का? डावीकडून उजवीकडं, तिरके? हां. मागच्या रांगेलाही बघू द्या.