ज्याचं गाणं त्याच्या गावाच्या नावानं

नमस्कार मंडळी.

आपल्यापैकी बरेच जण सुट्टीला ऑस्ट्रियाच्या पूर्व टोकाला, बुर्गेनलांडकडे जातात. तिथल्या काही गावांच्या वेशीवर दोन भाषांतल्या पाट्या दिसतात, जर्मन आणि क्रोएशियन. सोळाव्या शतकात तुर्कांच्या स्वाऱ्यांमुळे क्रोएशियातून जी माणसं उत्तरेला सरकली, त्यांचे वंशज या गावांत राहतात. 1955 च्या ऑस्ट्रियाच्या राज्यकरारात त्यांच्या भाषेला हक्क मिळाले, पण पाट्या लागायला 2000 साल उजाडलं. साडेचारशे वर्षं परमुलखात राहून ही माणसं आपली गाणी गातात तरी कशी, हे कुतूहल मला बरीच वर्षं होतं. त्याच ओढीनं मी जुलैमध्ये क्रोएशियाच्या राजधानीत, झाग्रेबला, तिथल्या लोककला महोत्सवाला गेले. आपल्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीनं त्यावर बोलायला सांगितलं, म्हणून आज उभी आहे.

आधी शहराविषयी थोडं. झाग्रेब म्हणजे मुळात दोन टेकड्यांवरच्या दोन वस्त्या. काप्तोल बिशपांची, तिथे 1094 च्या सुमारास धर्मपीठ आलं. ग्रादेत्स व्यापारी-कारागिरांची. तातारांच्या स्वारीनंतर 1242 मध्ये राजा चौथा बेला यानं ग्रादेत्सला मुक्त नगराची सनद दिली. या दोघांची भांडणं शतकानुशतकं चालली आणि 1850 मध्ये कुठे एक शहर झालं. वरच्या गावात आजही लोत्रश्चाक बुरुजावरून भर दुपारी बारा वाजता तोफ उडते. खाली दोलात्सचा बाजार आहे, 1930 मध्ये सुरू झालेला, लाल छत्र्यांचा. या छत्र्या मेदवेदनित्सा डोंगराच्या पायथ्याच्या शेस्तिने गावच्या आणि शहरात भाजीपाला, दूध-लोणी घेऊन येणाऱ्या बायकाही त्याच बाजूच्या गावांतल्या. डोक्यावर टोपली घेतलेल्या अशा बाईचा पुतळा बाजाराच्या पायऱ्यांवर उभा आहे. राजा-सेनापतींच्या पुतळ्यांपेक्षा मला तो जास्त आवडला. मार्च 2020 च्या भूकंपात कॅथेड्रलच्या दक्षिणेकडच्या मनोऱ्याचं टोक कोसळलं. त्या जखमा शहराच्या अंगावर अजून दिसतात.

हा महोत्सव 1966 पासून भरतो. तिथे त्याला स्मोत्रा म्हणतात. पण त्याचं मूळ आणखी मागे आहे आणि आपल्या कामाची गोष्ट तिथेच आहे. 1897 मध्ये आंतुन रादिच नावाच्या विद्वानानं एक लांबलचक प्रश्नावली छापली. घर कसं बांधता, काय खाता, लग्नात कोण काय गातं, नाचताना कोण कुणाचा हात धरतं, असे शेकडो प्रश्न. त्यांची उत्तरं बाहेरच्या अभ्यासकानं लिहायची नव्हती. गावातल्याच माणसानं, गावाच्याच बोलीत लिहायची होती. 1930 च्या दशकात शेतकरी चळवळीतल्या ‘सेल्याच्का स्लोगा’ या संघटनेनं गावोगावचे असे मेळावे भरवले तेव्हा नियमही तसाच होता. आपल्या गावचं गाणं, आपल्या गावचे कपडे. शहरातून उचलून आणलेली चाल परीक्षक बाजूला काढायला सांगत.

आजही सूत्रसंचालक आधी गावाचं नाव घेतो, मग नाचाचं. ही साधी गोष्ट माझ्या मनात फार खोल उतरली.

कारण त्या छोट्या देशात गाव बदललं की सगळंच बदलतं. इस्त्रियाचे लोक सोपेले वाजवतात, आपल्या सनईच्या जातीचं वाद्य. ते नेहमी जोडीनं वाजतं, एक मोठं, एक लहान. त्यांचे स्वर पियानोच्या पट्टीत बसत नाहीत, पहिल्यांदा ऐकताना कान बावरतो. दुब्रोव्निकच्या बाजूला लिंज्यो हा नाच. तीन तारांची लिएरित्सा गजानं वाजवणारा माणूस पायानंच ठेका आपटतो आणि म्होरक्या यमक जुळवून नाचणाऱ्यांना हुकूम सोडतो, त्यात थट्टाही करतो. स्लावोनियाच्या मैदानात तांबुरित्सा हे तंतुवाद्य आणि बेचारात्स. बेचारात्स म्हणजे दोन ओळींचं गाणं, ओळ दहा अक्षरांची. पहिली ओळ एकजण म्हणतो, बाकीचे ती उचलतात आणि दुसऱ्या ओळीत असा काही टोला येतो की सगळा चौक हसतो. गोर्यानी गावच्या मुली पुरुषी टोप्यांवर फुलं लावून, हातात तलवारी घेऊन ‘राजे’ होतात, दुसऱ्या ‘राण्या’. एरवी पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाला त्या अशाच घरोघर फिरतात.

पण ज्यानं मला जागेवर खिळवलं, ते निएमो कोलो. म्हणजे मुका फेर. दाल्मात्सियाच्या किनाऱ्यामागे जो कोरडा, खडकाळ मुलूख आहे, तिथला. वाद्य नाही, गाणं नाही. माणसं फेर धरतात आणि पावलं जोरात पडू लागतात. थोड्या वेळानं ऐकू येतात ते जोडे, श्वास, बायकांच्या गळ्यातल्या नाण्यांच्या माळा. पुरुष आपल्या जोडीदारणीला अंदाज न देता ओढतो, वळवतो. ती टिकते का, पुढचं पाऊल ओळखते का, हे सगळ्यांसमोर पारखलं जातं. पूर्वी गावात लग्नं जमायची ती अशाच ठिकाणी. बोटानं बोटाला दिलेल्या इशाऱ्यावर अख्खा फेर एकदम उसळतो. पावलांची जुळणी गावागणिक वेगळी असते. युनेस्कोनं 2011 मध्ये या नाचाला आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. त्याआधी तो शेकडो वर्षं यादीवाचून जगला, कारण दर पिढीत कुणीतरी कुणाचा तरी हात धरून शिकवलं.

सगळंच मला पटलं असं नाही. गावात तासभर चालणारा नाच रंगमंचावर पाच-सात मिनिटांत आवरावा लागतो आणि फेर प्रेक्षकांसाठी उघडावा लागतो. फेरातल्या माणसांची तोंडं एकमेकांकडे असायला हवीत, आपल्याकडे नव्हेत. म्हणून मला कार्यक्रम संपल्यानंतरची रात्र अधिक मोलाची वाटली. दिवे मालवल्यावरही एका गल्लीत वेगवेगळ्या गावांचे लोक उभे होते. कुणीतरी सूर लावला, बाकीच्यांनी खालचा सूर धरला, पोशाखातल्या आज्ज्या आणि जीन्समधल्या नाती शेजारी शेजारी. तिथे प्रेक्षक कुणीच नव्हतं. मीही थोड्या वेळानं गुणगुणत होते.

1990 च्या दशकात युगोस्लाव्हिया फुटताना झालेल्या युद्धामुळे ज्यांची गावं सुटली, असे विस्थापितांचे संचही झाग्रेबमध्ये नाचले. गाव मागे राहिलेलं, घरांचा ठावठिकाणा नाही, तरी सूत्रसंचालकाच्या तोंडी त्या गावाचं नाव होतं.

आता आपल्याविषयी. आपल्या रंगमंचावर आपण ‘महाराष्ट्राची लोकधारा’ सादर करतो. वीस मिनिटांत कोळीनृत्य, लावणी, गोंधळ, धनगरी, शेवटी लेझीम आणि सगळं रेकॉर्डवर. मुलं जीव तोडून मेहनत करतात, पालक रात्र रात्र बसून कपडे शिवतात. मी स्वतः त्यात वर्षानुवर्षं नाचले आहे आणि त्याचा मला आनंदच आहे. पण या धारेत कुठल्याच गावाचं पाणी ओळखू येत नाही. हा फेर कुठला, कुणी शिकवला, कुठल्या सणाला धरतात, हे आपल्या मुलांना सांगता येत नाही. कारण आपण त्यांना ते सांगितलेलंच नाही.

मॉरिशसची मराठी माणसं आठवा. 1834 नंतर कोकणातून ऊसमळ्यांवर गेलेल्यांची ती लेकरं. आज त्यांतल्या पुष्कळांच्या घरी क्रिओल बोलतात, पण गणपतीत झाकरी नाचतात. ती आपल्या रत्नागिरीकडची जाखडी. मध्ये बसलेले गाणारे, भोवती फिरणारे नाचे, पायातले चाळ. त्यांनी ‘महाराष्ट्र’ नेला नव्हता, तेव्हा तो या रूपात नव्हताच. त्यांनी आपल्या वाडीचा फेर नेला आणि तोच आजवर टिकला. बुर्गेनलांडच्या लोकांबद्दलच्या माझ्या कुतूहलाला हेच उत्तर मिळालं. माणूस एवढा मोठा प्रदेश खांद्यावर घेऊन शतकं चालू शकत नाही. एक गाणं मात्र नेऊ शकतो.

म्हणून कार्यकारिणीपुढे मी एक सूचना ठेवली आहे आणि त्यांनी ती मान्य केली आहे. दारापाशीच्या टेबलावर कागद ठेवले आहेत. त्यांवर चार प्रश्न आहेत. तुमचं किंवा आईवडिलांचं गाव कुठलं? तिथे सणाला, लग्नात, शेतात काय गात, काय नाचत? त्यातलं तुम्हाला काय येतं? ते कुणाकडून शिकलात? उत्तर मालवणीत, अहिराणीत, वऱ्हाडीत, ज्या बोलीत घरी बोलता तीत लिहा. फुगडीचं एक कडवं आठवत असलं तरी लिहा. सध्या इथे आलेल्या आजी-आजोबांना लिहायचा कंटाळा असेल, तर फोनवर त्यांचा आवाज टिपून पाठवा.

येत्या गणेशोत्सवात एकच गोष्ट करायची आहे, पण पूर्ण आणि रेकॉर्डशिवाय. जाखडी. ढोलकी वाजवणारे दोघे आपल्याकडे आहेत, झांजा मिळतील. शक्ती आणि तुरा हे जाखडीतले दोन सामनेवाले पक्ष, त्या दोन्ही बाजूंची गाणी माहीत असलेलं माणूस हवं आहे. संगमेश्वर, गुहागर, दापोलीकडचं कुणी सभागृहात असेल, तर जेवणाच्या रांगेत उभं राहण्याआधी मला भेटा.